आधी गोळी, मग बाकीचे प्रश्न

पावसाळ्याचे दिवस होते. मगरिबनंतर आमच्या आपा अचानक घरी आल्या. आधी फोन न करता त्या कधी येत नाहीत. बुरखाही न काढता खुर्चीवर बसल्या, चहा नको म्हणाल्या आणि पर्समधून घडी घातलेला एक कागद काढून त्यांनी आमच्या हातात दिला. "तुला इंग्रजी कळतं. मला वाटतं तेच यात लिहिलंय का, तेवढं सांग."

कागद मुंबईतल्या मेडिकलचा होता. आखाती देशात नोकरीला जाणाऱ्यांना ही तपासणी करावी लागते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. आपल्या कितीतरी घरांतले कोणी ना कोणी त्या रांगेत उभे राहिलेले आहे. आपांचा धाकटा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, चार वर्षे तिकडे काढून सुट्टीवर आला होता. दुसऱ्या कंपनीचा व्हिसा आला होता, त्यासाठी पुन्हा मेडिकल. कागदावर एका रकान्यात एचआयव्हीपुढे पॉझिटिव्ह लिहिले होते आणि खाली ठळक अक्षरांत एकच शब्द होता: अनफिट.

आम्ही कागद परत दिला. आपांनी तो पुन्हा घडी करून ठेवला. बराच वेळ कोणीच काही बोलले नाही.

ही हकिकत आम्ही भाच्याच्या परवानगीने लिहीत आहोत. नाव आणि गाव दिलेले नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तो एवढेच म्हणाला, "लिहा मामू, पण उपदेश कमी करा. घरच्यांनी काय करायचं ते सांगा. आमच्या घरात कोणाला काही माहीत नव्हतं."

पहिले आठ दिवस

आपा आमच्याकडे आल्या तेव्हा कागद घरात येऊन आठ दिवस झाले होते. या आठ दिवसांत उपचाराच्या दिशेने एकही पाऊल पडले नव्हते. तपासणी केंद्रातल्या माणसाने कागद पुढे सरकवला, एजंटने पासपोर्ट परत केला. आता कुठे जायचे, हे दोघांपैकी कोणीच सांगितले नव्हते.

घरात मात्र बरेच काही झाले होते. भाच्याचे ताट आणि ग्लास वेगळे झाले होते. कोणी ठरवून केले नव्हते, पण झाले होते. तीन वर्षांची मुलगी त्याच्याकडे धावली की कोणीतरी तिला उचलून घेई. दुल्हाभाईंनी त्याच्याशी बोलणे सोडले होते. बोलले ते एकदाच: "कुठं गेला होतास ते आधी सांग." त्याच्या बायकोला तर व्हिसाचे काहीतरी अडले आहे, एवढेच सांगण्यात आले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला भेटायला गेलो. आम्ही लिहिणारे, वाचणारे, चार लोकांना सल्ला देणारे. त्याला बाजूला घेऊन आम्हीही पहिला प्रश्न तोच विचारला: हे झाले कसे?

तो खाली बघत म्हणाला, "मामू, ते सगळेच विचारतात. मी किती दिवस जगणार, हे मला कळत नाहीये. ते कोणीच सांगत नाही."

त्या उत्तराची आम्हाला आजही शरम वाटते. आजारी माणूस समोर बसला होता, औषध कुठे मिळते हे त्याला ठाऊक नव्हते आणि आम्ही त्याची उलटतपासणी घेत होतो. ताप आलेल्या माणसाला आपण आधी डॉक्टरकडे नेतो. पावसात का भिजलास, हे नंतर विचारतो.

या आजाराच्या घरात दोन प्रश्न असतात. 'कसे झाले?' हा एक. 'औषध सुरू झाले का?' हा दुसरा. पहिल्याने कोणाच्याही रक्तातला विषाणू कमी होत नाही, दुसऱ्याने होतो. घरच्यांना एकच प्रश्न हाती धरता येत असेल तर तो दुसरा धरावा. पहिला प्रश्न ज्यांच्यामध्ये आहे त्यांच्यात, म्हणजे त्याच्यात, त्याच्या बायकोत आणि त्याच्या रबमध्ये राहू द्यावा.

सरकारी तपासणी का करायची

पहिले काम पक्की तपासणी. एका ठिकाणच्या एका कागदावर विसंबून राहू नये. जिल्हा रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात, बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असते. लोक त्याला आयसीटीसी म्हणतात. तिथे तपासणी मोफत होते, आधी आणि नंतर समुपदेशक बसून बोलतात. रक्ताचा नमुना वेगवेगळ्या तीन किटवर तपासून मगच पॉझिटिव्ह असा निकाल देतात. आपल्या भागातले केंद्र कुठे आहे हे कळत नसेल तर १०९७ हा सरकारी मोफत फोन क्रमांक आहे. तिथे नाव न सांगताही माहिती मिळते.

आम्ही भाच्याबरोबर गेलो. केंद्रातल्या ताईंनी त्याला आत नेले आणि आम्हाला बाहेर बसायला सांगितले. आधी आम्हाला ते खटकले. मग लक्षात आले की हा त्याचा हक्क आहे. त्याने स्वतः सांगितले तरच आम्ही आत. थोड्या वेळाने त्याने आम्हाला हाक मारली.

निकाल तोच आला. पण त्या दिवशी त्याच्या प्रश्नाचे उत्तरही मिळाले. ताई म्हणाल्या, "वेळेवर औषध सुरू केलं आणि रोज घेतलं, तर आयुष्य जवळजवळ इतरांइतकंच असतं. मधुमेहासारखं समजा. गोळी आयुष्यभर आहे, पण आयुष्यही आहे." एचआयव्ही म्हणजे एड्स नव्हे, हेही त्यांनी समजावले. एचआयव्ही हा विषाणू आहे. तो शरीराची रोगाशी लढणारी ताकद हळूहळू खातो. उपचार न घेतल्यास काही वर्षांनी ही ताकद इतकी घटते की क्षयासारखे आजार शरीरावर चढतात. त्या अवस्थेला एड्स म्हणतात. औषध वेळेवर सुरू केलेल्या माणसाला तिथपर्यंत जावेच लागत नाही.

परत येताना एसटीत तो खिडकीकडे तोंड करून रडला. आम्ही काही बोललो नाही. डबा उघडून त्याच्या पुढे धरला आणि त्यातच आम्हीही खाल्ले. घरी आल्यावर आपांना सगळे सांगितले: एका ताटात जेवल्याने, एका ग्लासात पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने, मुलीचा पापा घेतल्याने, एकच शौचालय वापरल्याने, डास चावल्याने हा आजार पसरत नाही. तो असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून किंवा सुईतून आणि आईकडून बाळाला होतो. दाढीचे ब्लेड आणि दात घासायचा ब्रश तेवढा वेगळा ठेवावा, आणि तो तर कोणाचाही वेगळाच असायला हवा.

त्या रात्री वेगळे ताट मांडणीवर परत गेले. आपांनी मुलाला आपल्या शेजारी बसवून जेवू घातले. दुल्हाभाई अजून बोलत नव्हते, पण दस्तरखानावर येऊन बसले.

गोळी सुरू होण्याचा दिवस

पुढचा टप्पा एआरटी केंद्र. एआरटी म्हणजे एचआयव्हीचे औषध. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून हे औषध मोफत द्यायला सुरुवात केली. पहिल्या काही केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. आज जिल्ह्याजिल्ह्यांत अशी केंद्रे आहेत. पूर्वी सीडी-४ नावाच्या पेशी ठरावीक आकड्याखाली उतरल्याशिवाय औषध सुरू करत नसत, त्यामुळे 'अजून वेळ आहे' असे ऐकून माणसे घरी परतत. २०१७ पासून धोरण बदलले. आता निदान झाले की पेशी कितीही असोत, औषध लवकरात लवकर सुरू करतात. म्हणून कोणी जुन्या अनुभवावरून 'थांब, इतक्यात नको' म्हणत असेल तर ऐकू नये.

केंद्रात नाव नोंदवतात. वजन करतात, सीडी-४ आणि रक्ताच्या इतर तपासण्या होतात, मूत्रपिंड आणि यकृत पाहतात. खोकला, ताप, रात्री येणारा घाम, वजन घटणे याबद्दल बारकाईने विचारतात, कारण क्षयरोग लपलेला असू शकतो. क्षय असेल तर आधी त्याचे औषध सुरू होते आणि काही दिवसांनी हे. म्हणून या प्रश्नांना 'काही नाही, बरा आहे' असे घाईने उत्तर देऊ नये. भाच्याचे वजन वर्षभरात बरेच उतरले होते. त्याने ते तिकडच्या कामावर ढकलले होते. सांगायला तो संकोचत होता, आम्ही आठवण करून दिली. घरच्या माणसाचा उपयोग अशा ठिकाणी होतो.

मग औषधाची बाटली हातात आली. बहुतेक मोठ्या माणसांना आज एकच गोळी असते, दिवसातून एकदा. तिच्यात टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रावीर अशी तीन औषधे एकत्र आहेत. भाच्याने बाटली हातात फिरवून पाहिली आणि विचारले, "एवढंच?" त्याच्या मनात मूठभर गोळ्या आणि अंथरुणाला खिळलेला माणूस, असे चित्र होते. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात अजून तेच आहे.

पहिले दोन महिने घराने काय करावे

गोळी रोज, शक्यतो एकाच वेळी. भाच्याने इशाची वेळ धरली. नमाज झाली की गोळी. पण काही दिवस त्याला रात्री झोप लागेना. केंद्रात सांगितल्यावर डॉक्टरांनी वेळ सकाळची करायला सांगितली. मग फजर आणि नाश्त्याच्या मध्ये गोळी, असे ठरले. नमाज, चहा, दुकान उघडणे, काहीही चालेल. रोजच्या एका कामाला गोळी बांधून टाकली की विसरत नाही.

सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, झोपेची तक्रार होऊ शकते. बहुतेकांना काही आठवड्यांत कमी होते. पण अंगावर पुरळ उठले, डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी केंद्रात जावे. आणखी एक गोष्ट घरच्यांना माहीत असावी. औषध सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत कधी कधी ताप येतो, गळ्याला गाठ येते, खोकला वाढतो. शरीराची ताकद परत येत असते आणि आत दडलेला एखादा आजार वर येतो. घरचे म्हणतात, औषध मानवत नाही, बंद कर. नेमके हेच करू नये. औषध बंद न करता डॉक्टरांना दाखवावे.

एखादे दिवशी विसरले तर आठवताच घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. पण विसरण्याची सवय होऊ देऊ नये. मध्ये मध्ये औषध सुटले की विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होतो, आणि मग सोपी गोळी सोडून अवघड औषधांकडे जावे लागते.

घरात दुसरी औषधे असतात, तीही सांगावीत. कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीची काही औषधे या गोळीबरोबर घेतली तर गोळीचा असर कमी होतो. ती किती अंतराने घ्यायची ते केंद्रात विचारावे. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर तिचे प्रमाण डॉक्टर पुन्हा ठरवतात. दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या परस्पर आणून खाऊ नयेत.

आणि हो, दम केलेल्या पाण्याचे. आपांनी एका बुजुर्गांकडून पाणी दम करून आणले. आम्ही त्यांना अडवले नाही. एवढेच म्हटले, "आपा, गोळी याच पाण्याबरोबर देत जा." दुआ आणि दवा यांत भांडण लावायची गरज नाही. भांडण आहे ते 'चाळीस दिवसांत मुळासकट घालवतो, तुमची सरकारी औषधे बंद करा' असे सांगून पैसे घेणाऱ्यांशी. या आजाराला दाबून ठेवणारे औषध आहे. मुळासकट घालवणारे औषध आज कोणत्याही दवाखान्यात किंवा दुकानात मिळत नाही. तसे सांगणारा माणूस कितीही गोड बोलला तरी त्याच्या नादी लागू नये.

मदत आणि पहारा यांतही फरक आहे. पहिल्या आठवड्यात दुल्हाभाई रोज सकाळी बाटलीतल्या गोळ्या मोजत. मुलगा चिडला आणि एके दिवशी मुद्दाम जेवला नाही. शेवटी ठरले असे की मोजायचे नाही. महिन्याच्या औषधाच्या तारखेला मात्र वडील बरोबर जातील. त्या एसटीच्या प्रवासातच बाप-लेकाचे बोलणे पुन्हा सुरू झाले. काय बोलले ते आम्हाला ठाऊक नाही.

सून

ही सगळ्यांत अवघड गोष्ट. आपांचे म्हणणे होते, सुनेला सांगायचे नाही. घर मोडेल. औषध चालू आहे, बरा झाला की झाले. आईचे काळीज आम्हाला कळत होते. पण त्या घरात एक मुलगी होती जिच्या जिवाचा प्रश्न होता, आणि तिलाच काही माहीत नव्हते. सर्वांना ताटाची भीती वाटत होती. खरा धोका जिला होता, तिला कोणी विचारतच नव्हते.

भाच्याला आम्ही सरळ सांगितले: ती तुझ्या निकाहात आहे, हे तिला कळले पाहिजे आणि तुझ्याच तोंडून कळले पाहिजे. कायदाही जोडीदाराला सांगण्याची आणि काळजी घेण्याची जबाबदारी त्याच व्यक्तीवर टाकतो. त्याला एकट्याने सांगवेना, म्हणून समुपदेशक ताईंनी दोघांना केंद्रात बोलावले. तिथे, त्यांच्यासमोर त्याने सांगितले.

तिची तपासणी त्याच दिवशी झाली. निगेटिव्ह आली. पण लागण झाल्यानंतर काही आठवडे रक्तात ती दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करायला सांगितली. तोपर्यंत आणि त्यानंतरही केंद्र सांगेपर्यंत कंडोम. तिथे तो मोफत मिळतो. आपल्या घरांत हा शब्द उच्चारत नाहीत, पण ज्या शब्दाने एका मुलीचा जीव वाचतो तो मासिकात छापायला आम्हाला लाज वाटत नाही.

घरी येऊन तिने मुलीचे कपडे भरले आणि माहेरी गेली. आपा आम्हाला म्हणाल्या, "जा, समजूत घालून आण." आम्ही गेलो नाही. तिला सब्र शिकवायला जाण्याचा हक्क आम्हाला नव्हता. राग तिचा होता, निर्णयही तिचाच असायला हवा होता. आम्ही आपांना एकच सुचवले की तिच्याबद्दल, तिच्या माहेराबद्दल एक शब्द वाकडा बोलू नका, आणि तीन महिन्यांनी तिच्या तपासणीला कोणी बरोबर हवे असेल तर आम्ही आहोत, असा निरोप पाठवा.

सव्वा महिन्याने ती स्वतः परत आली. तिने नवऱ्याला दोन अटी घातल्या. पुन्हा आखातात जायचे नाही आणि केंद्रातला प्रत्येक कागद तिला दाखवायचा. तिची दुसरी तपासणीही निगेटिव्ह आली. दुसऱ्या एखाद्या घरात ती परत आली नसती, आणि त्यात तिचा दोष नसता.

याच संदर्भात आणखी दोन गोष्टी. मुलगा अविवाहित असेल तर आजार लपवून निकाह लावणे हा समोरच्या मुलीवरचा उघड जुलूम आहे. आणि आजार गरोदर सुनेत निघाला तर 'तिनेच आणला' म्हणून तिला माहेरी धाडणे हाही जुलूमच. गरोदरपणात तपासणी होते म्हणून अनेकदा बाईचे आधी कळते, नवऱ्याची तपासणीच झालेली नसते. अशा आईने औषध घेतले आणि बाळाला जन्मानंतर काही आठवडे औषध दिले तर बाळाला लागण होण्याचा धोका ५ टक्क्यांच्या खाली आणता येतो. काहीच केले नाही तर तो १५ ते ४५ टक्के असतो. हा फरक केवळ वेळेवर औषध घेतल्याचा.

ही अमानत आहे

आमच्या भाच्याचा आजार आज पाच माणसांना ठाऊक आहे: तो, त्याची बायको, आई, वडील आणि आम्ही. पाचव्या माणसाच्या पुढे गोष्ट गेली नाही, याचे श्रेय आपांना. बहिणी-भावजयांच्या बैठकीत, लग्नात, मोबाइलच्या ग्रुपवर त्यांनी एक अक्षर काढले नाही. कोणी विचारले तर म्हणत, "पोटाचं दुखणं आहे, औषध चालू आहे." दुसऱ्याचे दुखणे म्हणजे आपल्याकडे ठेवलेली अमानत. तिला हात लावला की ती गीबत होते, आणि गीबतीबद्दल आपला दीन काय सांगतो हे वेगळे सांगायला नको.

आपल्या देशाचा कायदाही हेच सांगतो. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ चा, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार माणसाच्या संमतीशिवाय त्याची एचआयव्ही तपासणी करता येत नाही, त्याचा आजार उघड करता येत नाही आणि त्या कारणाने त्याला नोकरीत, शाळेत, दवाखान्यात किंवा भाड्याच्या घरात भेदभावाची वागणूक देता येत नाही. आखाताचे दार बंद झाले, हे खरे. पण इथले दार कोणी बंद करू शकत नाही. भाचा एसीचे काम शिकलेला होता. आता तालुक्याच्या गावी फ्रीज आणि एसीच्या दुरुस्तीचे छोटे दुकान चालवतो. उन्हाळ्यात त्याला जेवायला फुरसत नसते.

रमजान

रमजान तोंडावर आला तेव्हा घरात नवा पेच उभा राहिला. रोजे ठेवावेत तर औषधाचे काय, न ठेवावेत तर लोक विचारतील, एवढा धडधाकट माणूस रोजा का ठेवत नाही?

पहिली गोष्ट, आजारी माणसाला कुरआनने सवलत दिली आहे. वजन फार उतरलेले असेल, क्षयाचे औषध चालू असेल, उलट्या होत असतील, तर ती सवलत घ्यावी आणि बरे वाटल्यावर कजा करावी. लोकांच्या प्रश्नाला घाबरून शरीर पणाला लावू नये. दुसरी गोष्ट, तब्येत ठीक असेल आणि डॉक्टरांनी हो म्हटले असेल तर दिवसातून एक गोळी आणि रोजा यांची गाठ सहज बसते. गोळी सहरीला किंवा इफ्तारला, पण महिनाभर एकच वेळ. रमजानच्या आधीच केंद्रात जाऊन विचारावे, महिनाभराची गोळी हातात ठेवावी.

भाच्याला सहा महिने होत आले होते. वजन बरेच भरून आले होते. डॉक्टरांनी परवानगी दिली आणि गोळी सहरीला ठरली. त्याच भेटीत त्याची सहा महिन्यांची व्हायरल लोड तपासणी झाली. रक्तात विषाणू किती आहे ते तिच्यात कळते. ती सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी करतात.

निकाल आला तेव्हा पहिला रोजा व्हायचा होता. सुनेने आम्हाला फोन केला. "मामू, रिपोर्टमध्ये विषाणू आढळला नाही असं लिहिलंय. म्हणजे गेला का?"

गेला नाही. तो शरीरात लपून असतो आणि गोळी थांबली की परत येतो. पण तो रक्तात मोजता न येण्याइतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता जगभर मान्य झाले आहे. या दिशेचा एक मोठा अभ्यास २०११ मध्ये पुढे आला. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांचा तो अभ्यास होता, प्रत्येक जोडप्यात एकाला लागण आणि दुसऱ्याला नाही. त्यात आपल्या पुण्यातील आणि चेन्नईतील जोडपीही होती. औषध लवकर सुरू केलेल्यांकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. म्हणजे ही गोळी जो घेतो त्याच्यासाठी आहेच, शिवाय त्याच्या घरच्यांसाठीही आहे. सुनेला आम्ही हे सांगितले आणि पुढचे डॉक्टरांना विचारायला सांगितले.

पहिल्या रोज्याला आपांनी आम्हाला इफ्तारला बोलावले. दुल्हाभाईंनी खजूर पुढे केला तो आधी मुलाच्या हातात. छोटी बापाच्या मांडीवर बसून त्याच्याच ग्लासातले सरबत पीत होती. कोणी तिला उचलले नाही. कोणाचे तिकडे लक्षही नव्हते.

'कसे झाले?' हे आम्हाला आजही माहीत नाही. विचारावेसेही वाटत नाही. आपांच्या घरात सहरीला दिवा लागतो तेव्हा चहाच्या कपाशेजारी गोळी ठेवलेली असते, एवढे मात्र पक्के माहीत आहे.

वाचकांपैकी कोणाच्या घरात असा कागद आला असेल तर आठ दिवस घालवू नका. उद्या सकाळी त्याच्याबरोबर आयसीटीसीत जा, नाही तर आज १०९७ ला फोन लावा. आम्हाला पत्र लिहायचे असेल तर जरूर लिहा. नाव, गाव छापले जाणार नाही. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो, आणि त्यांच्या घरच्यांना अक्कल आणि नरमी देवो. आमीन.